वन्यजीव संवर्धनात शास्त्रज्ञ म्हणून काम करून घर चालतं का? पगार नेमका किती मिळतो?

तुम्ही लिहिलंय की झूलॉजीत बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे, वन्यजीव संवर्धनातच शास्त्रज्ञ व्हायचं मनाशी ठरलंय, आणि वडील रोज विचारतात, "यात पगार किती?" शिवाय विदर्भातल्या एका प्रकल्पावर सहा महिने बिनपगारी काम करायला बोलावलंय, जेवणखाण आपलं आपण बघायचं, तर जावं का, हेही विचारलंय.

मी याच क्षेत्रात आहे. सुरुवातीला विदर्भात वाघ-बिबट्यांच्या अभ्यासावर होते, मग पीएचडी केली, आता एका संस्थेत माणूस-वन्यजीव संघर्षावर काम करते. घर चालतं. पण वडिलांना आकडा सांगाल तेव्हा तो वर्षातले किती महिने हातात पडतो, हेही सांगा. कमी पगारात माणूस कसाबसा तग धरतो. दोन करारांच्या मधे जे रिकामे महिने येतात, त्यात तो हे क्षेत्र सोडतो. माझ्याबरोबर सुरुवात केलेले जे हुशार लोक आज यात नाहीत, त्यातले बहुतेक असेच गेले. नवा प्रकल्प मंजूर होईपर्यंत घरी बसणं ज्यांना परवडलं, ते टिकले.

आधी ठरलेले आकडे बघू. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या, म्हणजे डीएसटीच्या दरांनुसार १ जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोला (जेआरएफ) महिना ३७,००० रुपये आणि सिनियर रिसर्च फेलोला (एसआरएफ) ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून पुढे. २०१४ मध्ये जेआरएफ २५,००० होती, २०१९ मध्ये ३१,००० झाली. प्रत्येक वाढीआधी देशभरातले संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, हे लक्षात ठेवा. आपोआप काही वाढलेलं नाही.

सीएसआयआर-नेट किंवा यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षांमधून जेआरएफ मिळाली, की ती तुमच्या नावावर असते. प्रकल्प बुडाला, गाईड बदलला, तरी फेलोशिप तुमच्याबरोबर येते. दोन वर्षं जेआरएफ, मग एसआरएफ, मिळून पाच वर्षं. प्रकल्पावरच्या जागेचं तसं नाही, प्रकल्प संपला की जागा संपली. म्हणून माझ्याकडे जो कुणी विचारायला येतो, त्याला मी पहिलं हेच सांगते की एमएस्सीच्या काळात नेट काढा. जंगलात जायची घाई असते मान्य आहे, पण त्या एका परीक्षेनं पाच वर्षांची चिंता मिटते. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जागा आणि वेळेवर पैसे यांसाठी मुलांना आंदोलनं करावी लागली आहेत, तरी अर्ज जरूर करा.

स्वयंसेवी संस्थांत चित्र वेगळं आहे. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया, म्हैसूरचं नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, बंगळुरूचं एट्री, मुंबईचा वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट अशा संस्थांच्या जाहिराती वर्षभर बघत राहा, त्यावरून बाजारभाव कळतो. सगळीकडे मिळून माझ्या पाहण्यातला अंदाज सांगते. एमएस्सी झालेल्या नव्या फील्ड असिस्टंटला किंवा रिसर्च असिस्टंटला महिना वीस ते पस्तीस हजार, आणि लहान संस्थांत पंधरा हजारांवरही लोक काम करतात. राहायची सोय बहुधा फील्ड स्टेशनवर असते, त्यामुळे खर्च कमी होतो हे खरं. पण मुलाखतीत काही गोष्टी तोंड उघडून विचारायच्याच. मोटरसायकल आणि पेट्रोल कोण देणार? अपघात विमा आहे का? कॅमेरा चोरीला गेला तर भरपाई कुणाकडून? साप चावला किंवा अस्वलानं हल्ला केला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? पावसाळ्यात फील्डवर्क बंद असतं तेव्हा पगार चालू राहतो का? या प्रश्नांना सरळ उत्तर देणारी संस्था पाच हजार कमी देत असेल तरी तीच निवडा.

संस्थांना पगार द्यायला पैसे का पुरत नाहीत, हेही समजून घ्या, नाहीतर सगळा राग त्यांच्यावरच निघेल. २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा, एफसीआरए, बदलला. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च करायची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेनं तो निधी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन गावपातळीवर काम करणाऱ्या छोट्या गटांचा आधार त्यातून गेला. दुसरीकडे कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत पर्यावरण आणि वनस्पती-प्राण्यांचं रक्षण आहे, पण कंपन्यांना वर्षाअखेरीस दाखवता येईल असं काहीतरी हवं असतं. रोपं, सौरदिवे, पाणवठे यांचा फोटो निघतो. तीन वर्षं रानकुत्र्यांच्या मागे हिंडून विष्ठेचे नमुने गोळा करणाऱ्या माणसाचा पगार फोटोत दिसत नाही, म्हणून तो अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापला जातो. मला याची मनापासून चीड येते, कारण त्या माणसाच्या माहितीशिवाय पाणवठा कुठे हवा हेसुद्धा ठरत नाही.

वनविभागातही शास्त्रज्ञांना काम मिळतं. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला स्वतःचं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान मिळालं. ताडोबा, मेळघाट, पेंच इथली प्रतिष्ठानं जीवशास्त्रज्ञ नेमतात. किनाऱ्यावर कांदळवन प्रतिष्ठान आहे, सागरी जीवशास्त्र करणाऱ्यांना तिथे संधी असते. नेमणूक कंत्राटी. पत्रावर "एकत्रित मानधन" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ भविष्यनिर्वाह निधी, भत्ते, वार्षिक वाढ यातलं काहीही धरू नका, लिहिलंय तेवढंच मिळणार. मुदत अकरा महिने, मग एखाद-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा नेमणूक. वर्षानुवर्षं तेच काम करणारी माणसं कागदावर कायम नवीनच असतात. काम मात्र भरपूर शिकायला मिळतं, आणि तुमच्या अहवालावर आठवडाभरात निर्णय होताना दिसतो, हे विद्यापीठात बसून कधी अनुभवायला मिळत नाही.

कायम नोकरी हवी असेल तर वाटा थोड्या आहेत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, झूलॉजिकल सर्व्हे आणि बोटॅनिकल सर्व्हे (दोघांची कार्यालयं पुण्यात आहेत) इथे सायंटिस्ट-बी या पदाचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५६,१०० पासून सुरू होतं. यूपीएससीतून भारतीय वनसेवेत गेलात तरी सुरुवात तिथूनच, आणि एमपीएससीच्या वनसेवेतल्या सहायक वनसंरक्षकाचीही वेतनश्रेणी ५६,१०० पासूनच. पण वनसेवा म्हणजे प्रशासन आहे. बदल्या, अतिक्रमणं, न्यायालयाच्या तारखा, जमाव आवरणं यात दिवस जातो. ते काम फार मोलाचं आहे. फक्त शास्त्रज्ञ व्हायला म्हणून तिकडे जाऊ नका. कॉलेजात प्राध्यापक होऊन सुट्ट्यांत संशोधन करणारे महाराष्ट्रात बरेच आहेत, आणि बेडूक, पाली, कोळी यांवरचं उत्तम काम त्यांच्यातल्या काहींनी केलंय. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० आहे. तिथवर पोचण्याआधी तासिका तत्त्वावर किती वर्षं काढावी लागतील याचा भरवसा नाही, तेही घरी सांगून ठेवा.

पैसा त्यातल्या त्यात बरा मिळतो तो सल्लागार कंपन्यांत. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो, आणि तो करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागाराकडे परिसर व जैवविविधतेचा तज्ज्ञ असावा लागतो. पवनचक्क्या, रस्ते, विमानतळ, खाणी, सगळीकडे पक्षी आणि झाडं मोजणारा माणूस हवा असतो. काही मित्र तिकडे गेले आणि प्रामाणिकपणे काम करतात. अडचण अशी की अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो. दुसरं असं की साधारणपणे एका हंगामाची माहिती पुरते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून घ्यायचा असतो. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातला कातळसडा एप्रिलमध्ये बघा, काळा तापलेला दगड. जुलै ते सप्टेंबरमध्ये त्याच दगडावर सीतेची आसवं आणि कंदीलपुष्प फुलतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात. उन्हाळ्यात केलेल्या यादीत यातलं काहीच येत नाही आणि कागदावर ती पडीक जमीन ठरते. तुम्ही या वाटेनं गेलात तर पावसाळ्यातली पाहणी करा असं लेखी मागा. तज्ज्ञ म्हणून सही तुमची असते.

पगाराबद्दल बोलायचं आणि फील्डवरच्या स्थानिक माणसांबद्दल नाही, हे मला जमणार नाही. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावताना वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, एकेक कॅमेरा बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. २०२२ च्या व्याघ्रगणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी असे कॅमेरे लागले. कुठल्या वाटेनं वाघ जातो, कुठल्या नाल्यात पाणी उरतं, हे आम्हाला कोण सांगतं? मेळघाटात कोरकू, चंद्रपूर-गडचिरोलीकडे गोंड, माडिया माणसं. पगमार्क, म्हणजे पंजाचा ठसा, वाळूत किती जुना आहे हे बोटानं कडा चाचपून सांगणारा माणूस रोजंदारीवर असतो, वनमजूर म्हणून. पेपरच्या शेवटी आभारात त्याचं नाव आलं तर आलं. तुम्हाला मिळणारे वीस हजार कमी वाटतील, आणि ते कमीच आहेत. पण उद्या तुमच्या हातात अंदाजपत्रक येईल तेव्हा त्याचा पगार महिन्याचा आणि बारा महिन्यांचा लिहा, विमा लिहा, आणि लेखकांच्या यादीत त्याची जागा बनत असेल तर तीही द्या.

आता तुमचं बिनपगारी आमंत्रण. माझं स्पष्ट मत आहे, सहा महिन्यांसाठी जाऊ नका. पंधरा दिवस, फार तर महिनाभर, सुट्टीत, स्वतःला हे काम झेपतं का बघायला जा. पहाटे उठून ट्रान्सेक्टवर, म्हणजे प्राणी मोजायला आखलेल्या सरळ रेषेवर, दोन किलोमीटर न बोलता चालणं, गोचिडी, रात्री दिव्याखाली हजारो फोटोंत फक्त गाई-बकऱ्या बघत बसणं, हे सगळं महिनाभरात कळतं. त्यानंतर तुम्ही जे करता ते काम आहे, आणि कामाचे पैसे मागायला लाजू नये. फुकट राबणाऱ्यांची रांग असेल तोवर पगाराची जागा निघणार नाही, आणि या क्षेत्रात फक्त शहरातल्या सुखवस्तू घरांतली मुलं उरतील. ते जंगलाच्याही हिताचं नाही. जंगलालगतच्या गावातून आलेल्या मुलीला तिथल्या लोकांचं म्हणणं जितकं कळतं, तितकं बाहेरून आलेल्याला कळायला वर्षं जातात. महिन्यापेक्षा जास्त हवं असेल तर किमान जेवण, प्रवास आणि विमा मागा. नाही म्हणाले तर तुम्ही काही गमावलेलं नाही.

त्याऐवजी या वर्षी एमएस्सीच्या प्रवेशांच्या मागे लागा. डेहराडूनची वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतला वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धन हा अभ्यासक्रम, दोन्हींना जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण, आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही, म्हणून जाहिरातीवर लक्ष ठेवा. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे, ती घराजवळ आणि खिशाला झेपणारी. सोबत संख्याशास्त्र पक्कं करा. आर ही संगणकीय भाषा आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस, दोन्ही फुकट मिळतात. मी मुलाखती घेते तेव्हा पक्षी ओळखणारे खूप भेटतात, पण जमलेल्या माहितीतून प्राण्यांच्या घनतेचा अंदाज काढून त्यात चूक किती असू शकते हे सांगणारा क्वचित भेटतो, आणि ज्याला ते येतं त्याला रिकामे महिने फारसे येत नाहीत. पावसाळ्यात बाकीचे घरी असतात तेव्हा विश्लेषणाचं काम त्याच्याकडे येतं.

वडिलांना असं सांगा: एमएस्सी होईपर्यंत खर्च घरचाच. त्यानंतर नेट निघाली तर पाच वर्षं फेलोशिप, नाही निघाली तर वीस-तीस हजारांच्या कंत्राटी नोकऱ्या, मधे खंड. तिशीच्या आसपास बरा, पण बँकेतल्या किंवा आयटीतल्या चुलतभावाइतका नाही, असा पगार. पहिल्या नोकरीपासून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत दुसरं काही विकत घ्यायचं नाही, असं मीही ठरवलं होतं आणि पाळलं. हे ऐकून त्यांचे आणखी प्रश्न असतील तर खाली विचारा, मी उत्तर देईन.