एवढ्या भाषा, धर्म, जाती असताना देश एक वाटतो तो कशामुळं?

तुम्ही विचारलंय की एवढी विविधता असताना 'आपण एक देश' ही भावना येते कुठून, आणि सगळ्यांची एकच भाषा असती तर देश जास्त घट्ट झाला नसता का. मी नांदेडकडचा, आणि एकाच भाषेचा हा प्रयोग आमच्या भागानं भोगलेला आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे लोक लई जास्त आणि कारभार सगळा उर्दूत. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. आता उर्दू काय आमच्याकडं परकी नव्हती हो, वली आणि सिराज हे मोठे शायर औरंगाबादचेच, पण कचेरीत, कॉलेजात तुमच्या भाषेला जागाच नाही म्हटल्यावर ते राज्य आपलं कसं वाटणार? नाहीच वाटलं. 1938 ला वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यातले बरेच जण नागपूरला जाऊन शिकले. पुढं निजामाविरुद्ध लढा उभा राहिला तो मराठी, तेलुगू, कानडी सगळ्यांचा मिळून, नेते स्वामी रामानंद तीर्थ जन्मानं आत्ताच्या कर्नाटकातले, आणि भारतात सामील व्हा असं उर्दू पेपरात लिहिणारा संपादक शोएबुल्ला खान, त्याला ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, मारलं. म्हणजे एकी झाली ती सारखेपणामुळं नाही, सगळ्यांना एकच गोष्ट पाहिजे होती म्हणून झाली.

17 सप्टेंबरला, संस्थान भारतात आलं त्या दिवसाचं, आमच्याकडं झेंडावंदन होतं, भाषणं होतात. भारतानं सैन्य पाठवून संस्थान ताब्यात घेतलं त्या पोलीस ॲक्शननंतर गावोगाव निरपराध मुसलमान मारले गेले, ते मात्र भाषणात येत नाही. यायला पाहिजे असं माझं मत.

मग 1956. भाषेवर राज्यं केली तर देश फुटेल ही भीती तेव्हा दिल्लीतल्या मोठमोठ्यांना होती. 1 नोव्हेंबरला हैदराबादचे तीन तुकडे झाले, तेलुगू भाग आंध्रात, कन्नड म्हैसूरमध्ये, आम्ही मुंबई राज्यात. फुटला का देश? उलट आपल्या भाषेत अर्ज करता यायला लागल्यावर भांडायचं कारणच कमी झालं. देगलूर-बिलोलीकडं आजही पलीकडं तेलंगणात सोयरिकी होतात, बाजाराला येणंजाणं असतं, कुणाला त्यात देशभक्तीबिक्ती आठवत नाही.

नांदेडचा गुरुद्वारा, गुरु ग्रंथ साहिबमधली नामदेवांची पदं वगैरे एकीचा दाखला म्हणून सगळेच सांगतात. खरंच आहे ते, पण सोपं आहे, कारण त्यात कुणाला काही द्यावं लागत नाही. द्यायची वेळ आली की कळतं. 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि इकडं दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. जाळणारे मराठीच बोलत होते, ज्यांची घरं गेली तेही मराठीच, बऱ्याच ठिकाणी तर एकाच गावातले. त्यामुळं एक भाषा असली की एकी येते हे मला कुणी सांगू नये. नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, तेही आधीचं 'मराठवाडा' ठेवून, आणि आमच्या नातेवाइकांत ह्या विषयावर अजून वाद होतात.