‘ख्रिस्तवासी झाली’ म्हणजे काय?

पुण्यात सोलापूर रस्त्यालगतच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एका मराठी थडग्यावर ‘ख्रिस्तवासी झाली’ असं वाचून तुम्ही विचारलंय: ती बाई ख्रिस्ती होती एवढंच सांगायचं असेल, तर दफनभूमीत ते वेगळं कोरायची गरज काय?

गरज नाहीच, कारण अर्थ तो नाही. ‘ख्रिस्तवासी झाली’ म्हणजे वारली. कैलासवासी, वैकुंठवासी यांच्या पंगतीतला हा शब्द. पुणेकराला ही जोडी समजावून सांगायला नको. नवी पेठेतली स्मशानभूमी ‘वैकुंठ’, स्टेशनच्या बाजूची ‘कैलास’. शिवभक्त कैलासाला गेला, विष्णुभक्त वैकुंठाला. वारकरी मंडळी अजूनही दिवंगत कीर्तनकाराच्या नावाआधी ‘कै.’ न लिहिता ‘वै.’ लिहितात, तेही कटाक्षाने.

मराठी ख्रिस्ती समाजाने हाच साचा घेतला, पण त्यात एक बदल झाला आणि तो मला फार सुंदर वाटतो. कैलास, वैकुंठ ही स्थळं. ख्रिस्त हे स्थळ नव्हे. ‘वासी’च्या आधी जिथे ठिकाण यायचं, तिथे इथे व्यक्ती आली. यामागे बायबल आहे. त्यातल्या संत पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्तामध्ये’ असणं ही कल्पना पुन्हा पुन्हा येते. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ती मृतांविषयीच आहे. समास आपला, आशय तिथला, आणि सांधा कुठे दिसत नाही. मुसलमान व्यक्तीसाठी मराठी वर्तमानपत्रं ‘पैगंबरवासी’ लिहितात, त्याची घडणही अशीच.

म्हणून जिवंत माणसाला हा शब्द लावू नये. नाताळच्या एका फलकावर ‘समस्त ख्रिस्तवासी बांधवांना शुभेच्छा’ वाचून मला धस्स झालं होतं. तिथे ‘ख्रिस्ती’ हवं.

थडग्यावरची त्याखालची ओळ तुम्ही ‘प्रभूमध्ये नि…त’ अशी अर्धवट उतरवली आहे. ती ‘निद्रिस्त’ असावी. वर सांगितलेल्या अध्यायातच मृतांना ‘झोपी गेलेले’ म्हटलंय, आणि ‘सिमेट्री’ ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ निजायची जागा असाच. खात्री करायची तर सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात झिजलेल्या अक्षरांच्या कडेला सावली पडते. दगड मात्र घासू नका. ‘नि’नंतर आणखी एक पहिली वेलांटी दिसली, की शब्द तोच.