न ऐकू येणाऱ्या अक्षराचं माहेर
स्पेलिंग घोकत बसू नकोस, आधी शब्दाची भावंडं शोध. 'साइन'मधला जी ऐकू येत नाही, म्हणून तू तो गाळतेस. पण 'सिग्नल', 'सिग्नेचर' म्हणून बघ, जी खणखणीत वाजतो. तिघांचं मूळ लॅटिन 'सिग्नम', म्हणजे खूण.

कर्जाच्या 'डेट'मधल्या बीची गोष्ट मला फार आवडते. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे विद्वानांनी लॅटिन 'डेबिटम' आठवून तो घातला. उच्चार मात्र होता तसाच राहिला. पासबुकातलं 'डेबिट' डोळ्यांसमोर आण, बी सुटणार नाही.

आपल्या 'परीक्षा'मधली री दीर्घ का? परि अधिक ईक्षा. तशीच फोड इथेही कर: 'मिसस्पेल'मध्ये दोन एस, एक 'मिस'चा, एक 'स्पेल'चा.