बिलासाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी वापरता येतो का?

प्रश्न : नाशिकमध्ये माझे पैठणीचे छोटे दुकान आहे. बिल करताना घेतलेल्या ग्राहकांच्या मोबाइल नंबरांची यादी फेसबुकवर चढवून त्यांनाच नव्या साड्यांची जाहिरात दाखवावी, असे मुलगा सुचवतो. हे कायद्यात बसते का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपण आधी विचारलेत, याचे मनापासून कौतुक वाटते. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्याचा गाभा असा की, ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी. त्यामुळे बिलासाठी दिलेला नंबर ही जाहिरातीची संमती ठरत नाही. यादी चढवताना नंबरांचे सांकेतिक रूपांतर होते खरे, पण त्यातूनही व्यक्ती ओळखून तिला जाहिरात दाखवली जाते, म्हणून संमती लागतेच.

नंबर कशासाठी वापरणार, हे सांगणारी मराठीतली छोटी चिठ्ठी बिलाबरोबर द्यावी, जाहिरातीसाठी वेगळी सही घ्यावी आणि नकार देणाऱ्यालाही साडी तितक्याच आपुलकीने विकावी. संमती मागे घेणे, ती देण्याइतकेच सोपे हवे. १८ वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास कायद्याने मनाई आहे. शिकवणीवर्ग चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. परिसर आणि वयोगट निवडून केलेल्या साध्या जाहिरातीला मात्र आपल्या यादीची गरजच नसते, आणि माझ्या मते आपण तिथूनच सुरुवात करावी.