डिशवॉशर पाणी तापवत नाही, मेकॅनिक हीटर-पंप बदला म्हणतो. खरंच बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की मशीन चार वर्षांचं आहे, एरर येत नाही, प्रोग्रॅम पूर्ण होतो, पण भांडी थंडगार निघतात आणि कढईला तेलाचा चिकट थर राहतो. मेकॅनिकने मशीन न उघडताच हीटर गेल्याचं सांगितलं. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) लावून ओमचा, म्हणजे विजेच्या रोधाचा, आकडा दाखवल्याशिवाय त्याला होकार देऊ नका. हीटर आणि पंप एकत्र असलेली असेंब्ली महाग पडते, आणि दोष पुष्कळदा रिलेच्या (हीटरची वीज चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) सोल्डरमध्ये, म्हणजे डाग दिलेल्या जोडात, नाहीतर एखाद्या तुटलेल्या वायरीत असतो.

आधी पाणी खरंच तापत नाही ना, हे पक्कं करा. ६५ किंवा ७० अंशांचा प्रोग्रॅम लावा. प्री-रिन्स थंड पाण्यावरच चालतो आणि इको साधारण ५० अंशांच्या आसपास थांबतो, म्हणून त्यांवरून काही ठरवू नका. फ्रिज, एसी, गीझर, पंखे बंद करून विजेच्या मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बघा. युनिटला किती इंपल्स ते मीटरवर छापलेलं असतं, घरगुती मीटरवर बहुधा ३२००. त्या हिशोबाने नुसता पंप १०० वॉट घेत असेल तर दिवा दहा-अकरा सेकंदांनी एकदा लुकलुकेल. २००० वॉटचा हीटर लागला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. पहिलं पाणी कधीकधी थंडच वापरलं जातं, तेव्हा ते सोडून दुसरं पाणी भरेपर्यंत थांबा. दिवा भरभर लुकलुकू लागला तर हीटर चालतोय. मग शोध वेगळा, तो तापमानाच्या सेन्सरपाशी.

दिवा मंदच राहिला, तरी मशीन उघडण्याआधी फिल्टर काढून धुवा आणि भांड्यांचा लिक्विड साबण कुणी घातला नाही ना ते विचारा. पंपातून पाण्याचा पुरेसा दाब आल्याशिवाय मशीन हीटरला वीज देत नाही, नाहीतर तो कोरडाच जळेल. फेस झाला किंवा जाळी तुंबली की तो दाब तयार होत नाही आणि चांगला हीटरही गप्प बसतो.

आता मोजणी. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून प्लग काढा. नुसतं मशीनचं बटण बंद करून भागणार नाही. नळ बंद करा, तळाचं पाणी स्पंजने टिपून घ्या. मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मॉडेलप्रमाणे दाराच्या आत किंवा खालच्या पट्टीमागे असतो. हात घालण्याआधी वायरींच्या जागांचा मोबाइलवर फोटो काढा. हीटरकडे जाणारा कनेक्टर बोर्डावरून उपसा आणि मल्टिमीटर २०० ओमवर ठेवून त्या दोन वायरींमध्ये मोजा. इथूनच मोजायचं, कारण एका मापात वायर, थर्मल फ्यूज (हीटर जास्त तापला की वीज तोडणारा) आणि हीटर तिन्ही तपासले जातात. २३० व्होल्टवर २००० वॉटच्या हीटरला सुमारे २६ ओम यायला हवेत, २४०० वॉटला २२, १८०० वॉटला २९. वॉटचा आकडा हीटरवर किंवा मशीनच्या पट्टीवर मिळतो.

आकडा बरोबर आला तर हीटर शाबूत आहे. मल्टिमीटर काहीच दाखवत नसेल, तर मशीन आडवं करून तळ उघडा आणि थेट हीटरच्या टर्मिनलवर मोजा. तिथे २५ ओमच्या आसपास येत असेल तर मधली वायर तुटलीय. बोर्ड दारात असला की बिजागरीपाशी वायरी रोज दुमडतात, वरचं आवरण धड दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं. तळाशी उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही सापडतात. टर्मिनलवरही काही आलं नाही, तर हीटर किंवा त्याला लागलेला थर्मल फ्यूज गेलाय. फ्यूज वेगळा मोजा, पण तो वगळून वायरी थेट जोडून मशीन कधीही चालवू नका. कोरडा पडलेला हीटर थांबवणारा तोच आहे. शिवाय टर्मिनल आणि मशीनचा धातू यांच्यामध्येही मोजा: सर्वांत वरच्या रेंजवरही काही आकडा दिसला तर हीटरला लिकेज आहे, त्यामुळेच आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो.

हीटर ठीक निघाला तर बोर्ड बाहेर काढून हीटरचा रिले शोधा. जाड वायरी जिथे जातात तिथली चौकोनी काळी किंवा निळी डबी. बोर्डाची मागची बाजू तिरप्या उजेडात धरा. रिलेच्या जाड पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग आणि शेजारी तपकिरी डाग दिसला, तर दोष सापडला. जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरायचं. रिलेचा पाय काळवंडला असेल तर त्याच व्होल्टची कॉइल आणि तेवढ्याच अँपिअरचा रिले घालायचा. सुटा रिले असेंब्लीच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो. टीव्ही-वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करणारा कुणीही हे करून देईल. वीज चालू ठेवून बोर्डावर व्होल्ट मोजायचं काम मात्र त्याच्यावरच सोडा.

तुमच्याकडे एरर येत नाही, म्हणून तापमानाच्या सेन्सरवर माझा विशेष संशय आहे. बॉशमध्ये ई०९ आणि एलजीमध्ये एचई हे कोड हीटिंगच्या बिघाडाचे. पण सेन्सरच चुकून ‘पाणी तापलं’ असं सांगत असेल तर मशीनला बिघाड दिसणारच नाही. बऱ्याच सेन्सरचा रोध २५ अंशांना १० हजार ओमच्या जवळपास असतो आणि गरम पाण्यात तो एकसारखा उतरत जातो. थंड असतानाच दोन-तीन हजार ओम दाखवत असेल तर बहुधा तो बाद.

आणि हीटरच गेला असेल, तर दाराच्या कडेवरचा पूर्ण मॉडेल नंबर देऊन पार्ट मागवा. दिसायला सारख्या असेंब्लीचे कनेक्टर वेगळे निघतात. जुन्या हीटरवर पांढरा क्षार असेल तर पाण्याच्या कठीणपणाचं सेटिंग तपासा आणि मिठाच्या टाकीत डिशवॉशरचंच जाड मीठ भरा, आयोडीनयुक्त बारीक मीठ नको. तळ बंद करण्याआधी टबमध्ये दोन लिटर पाणी ओतून रबराचे जोड दहा मिनिटं कोरडे राहतात का बघा, मगच प्लग लावा.