हजार चांदण्यांची सायकल

गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी, मुलांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय, की समोरची बाई खुर्चीत टेकायच्या आत ते मला ऐकू येतं. "मॅडम, काहीतरी द्यायचं कबूल केल्याशिवाय हा कशाला हातच लावत नाही." कुणाचा मुलगा बुटाची लेस बांधायला चॉकलेट मागतो, कुणाची मुलगी अक्षरं गिरवायला मोबाइल. सोबत आजी आलेल्या असतील तर "आमच्या वेळी नव्हती ही थेरं" हेही पाठोपाठ येतं. (होती. पाढे म्हटले की खडीसाखर मिळायची, विचारून बघा.)

अशाच एका मुलाची गोष्ट सांगते. आईवडिलांची परवानगी आहे, नाव बदललंय. त्याला आपण अर्णव म्हणू. वय साडेपाच, सीनियर केजी.

घरी फ्रिजच्या दारावर तक्ता होता. दात घासले की एक चांदणी, शर्टाची बटणं स्वतः लावली की एक, पानातली भाजी संपवली की एक. दहा चांदण्या झाल्या की छोटी गाडी. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात अर्णवनं भाव वाढवले. आणि सायकलपाशी सगळं अडलं. पाचव्या वाढदिवसाला घेतलेली सायकल, तिला बाजूची दोन छोटी चाकं. खाली सोसायटीत त्याच्याएवढी मुलं दोन चाकांवर फिरत होती. बाबांनी जाहीर केलं, चाकं काढून चालवलीस तर वीस चांदण्या. तो म्हणाला पन्नास. पन्नास कबूल झाल्या, तर म्हणाला रिमोटचं हेलिकॉप्टर. तेही कबूल झालं, तर म्हणाला, "नकोच."

"लाचखाऊ झालाय, मॅडम," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "या वयात असा, तर पुढे काय?"

बाबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या कंपनीत इन्सेंटिव्ह देतात, माणसं काम करतात. मग घरी का चालू नये?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांनाच उलट विचारलं, "उद्या साहेब म्हणाले, येत्या रविवारी स्टेजवर कथक करून दाखवा, पगार दुप्पट करतो. कराल?" ते हसले. इन्सेंटिव्हमुळे माणूस येणारं काम जास्त करतो. न येणारं काम त्यानं येऊ लागत नाही. हे मी बोलले खरं, पण माझंच वाक्य मला पुरतं कळायला आणखी तीन बैठका जाव्या लागल्या.

बक्षिसांच्या बाबतीत माझा कल आधीच सांगून टाकते. मी मारिया मॉन्टेसरी, गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक या, बक्षिसाचं आमिष नको म्हणणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञांच्या वाटेवरची. मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा काढली, तिथला प्रसंग त्यांनीच लिहून ठेवलाय. एक मुलगा खोलीच्या मधोमध आरामखुर्चीत एकटाच बसलेला, छातीवर बिल्ला. चौकशी केली तर कळलं, त्याला शिक्षा झालीय! बिल्ला मिळाला होता दुसऱ्याच मुलाला. पण तो आपल्या कामात इतका गढलेला, की मध्ये मध्ये येणारी ती वस्तू त्यानं शिक्षा झालेल्याला देऊन टाकली. पुढे 1973 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, रंगीत पेनांनी चित्र काढा, सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर ही मुलं इतरांच्या मानानं निम्माच वेळ त्या पेनांकडे वळत होती. पण ज्यांना काही न सांगता शेवटी अचानक तेच प्रमाणपत्र दिलं, त्यांची गोडी कमी झाली नव्हती. हे अगदी लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोडी घालवतो तो सौदा. वस्तू बिचारी निमित्त असते.

एवढं पाठ असूनही अर्णवच्या बाबतीत मी चुकले. दोन बैठका मी तक्त्याच्या हिशेबातच घालवल्या. कुठली चांदणी ठेवायची, कुठली काढायची, आजी गुपचूप किती देतात. तिसऱ्या वेळी कंटाळून मी त्याला म्हटलं, चल, दुकान-दुकान खेळू. तू दुकानदार.

कागदाचे तुकडे करून त्यांवर चित्रं काढली. ब्रश, बटण, सायकल, रंगाचा खडू. त्यानं ते टेबलावर ओळीनं मांडले आणि माझी चष्म्याची पेटी गल्ला म्हणून घेतली.

"ब्रश केवढ्याला, दुकानदार?"

"एक चांदणी."

"आणि बटण?"

"दोन. वरचं बटण दिसत नाही ना, म्हणून."

खरं तर मी इथंच सावध व्हायला हवं होतं.

"चित्र काढायचे काय घ्याल?"

"ते फुकट."

"फुकट? दुकान बुडेल तुमचं!"

"ते मी असंच काढतो," तो खांदे उडवून म्हणाला.

"बरं, सायकल?"

त्यानं सायकलचा तुकडा उचलला आणि पालथा ठेवला. "हजार."

"अगंबाई! जरा कमी करा की."

"नाही होत."

"का हो?"

तो तुकड्याची घडी घालू लागला. मग घडीची घडी. शेंगदाण्याएवढी झाली तरी चेपतच होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडलो की वरून सगळे बघतात. गॅलरीतून. आणि चौथ्या मजल्यावरचा दादा हसतो."

मी पुढे काहीच विचारलं नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर सोळा वर्षांच्या कामात असे क्षण मला फार आलेले नाहीत. जे जमतं आणि आवडतं ते फुकट. जे जरा अवघड ते दोन चांदण्या. ज्याची भीती वाटते ते हजार. हा मुलगा लाच मागतच नव्हता. परवडणार नाही असा भाव सांगून तो नाही म्हणत होता, आणि आईबाबा तो भाव चुकता करायला निघाले, म्हणून त्याला पुन्हा वाढवावा लागत होता. "मला भीती वाटते" म्हणायची त्या घरात सोय नव्हती. भाव करायची होती. ती घडी अजून माझ्या खणात आहे.

आईबाबांना हे सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "वीस चांदण्या मीच जाहीर केल्या होत्या. खाली, सगळ्यांसमोर."

पुढचं काम माझं कमी आणि नाक्यावरच्या सायकलवाल्याचं जास्त. त्याचा सल्ला असा, की छोट्या चाकांनी तोल शिकता येतच नाही, मूल त्यांच्यावर रेलायला शिकतं. चाकं काढा, पायडलंही काढा, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. मग पायांनी ढकलत जाऊ दे. तोल आला की पायडलं परत लावा. रविवारी बाबा पाना घेऊन बसले. उजवं पायडल निघालं, डावं काही केल्या निघेना. अर्णव शेजारी उकिडवा बसून बघत होता. शेवटी सायकलवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, साहेब, डाव्याचा आटा उलटा असतो, तुम्ही आवळताय. आई सांगते, बाबांना जमत नाहीये हे पाहून पोराचा चेहरा जो काय उजळला! त्यानंतर तो आपणहून म्हणाला, "मी धरू का?"

सराव सकाळी सहाला, मागच्या मैदानावर, जिथं गॅलऱ्या नाहीत. चांदणीचा विषय कुणी काढला नाही. बाराव्या-तेराव्या दिवशी पायडलं परत लागली.

मग घरचा तक्ता फाडायचा का? नाही. मी स्वतः अर्णवकडचा अर्धाच काढायला लावला. दात घासण्यात मुळात गंमत नाही, औषध घेण्यात नाही, रात्री उठून शूला जाण्यात तर नाहीच. अशा कामाची सवय लागेपर्यंत छोटी चांदणी खुशाल द्या, लगेच द्या, आणि सवय लागली की हळूहळू विसरून जा. मिळालेली चांदणी रागाच्या भरात काढून मात्र घेऊ नका. कमावलेलं जातं हे एकदा कळलं की मूल त्या तक्त्याकडे पुन्हा बघत नाही. पण चित्र, गोष्ट, गाणं, पोळी लाटणं, भोवरा, सायकल, यांचं बक्षीस त्यांच्याच पोटात असतं. तिथं आपलं काम म्हणजे पायरी इतकी लहान करायची की मुलाचा पाय पोचेल. आणि "शाब्बास, हुशार बाळ" याऐवजी जे दिसलं ते सांगायचं: "आज वळणावर पाय टेकवला नाहीस." हुशार आहेस की नाही, या वादात मूल पडत नाही. पाय टेकवला नाही, हे त्याला ठाऊक असतं.

आणि मुलानं भाव वाढवला की रागावण्याआधी जरा थांबून विचारा, यातलं अवघड काय वाटतंय.

मागच्या महिन्यात अर्णवच्या आईचा फोन आला. दातांची चांदणी अजून चालूच आहे, हे तिनं जरा ओशाळूनच सांगितलं. सायकल आता इतकी फुकट झालीय, की जेवायला वर बोलवावं लागतं. उन्हाळ्यात पोहायला घालायचं ठरतंय.

"म्हटलं त्याला, पोहायला शिकतोस का. लगेच म्हणाला, पाचशे चांदण्या."

"मग?"

"मग मी विचारलं, पाण्याची भीती वाटते का रे? तर म्हणाला, पाण्याची नाही. डोकं आत घालायची."