ओबान ते टोबरमोरी एका दिवसात : आधी प्रवाह बघा

तुमचा प्रश्न असा : शिडाच्या भाड्याच्या बोटीनं स्कॉटलंडमधल्या ओबानहून मल बेटावरच्या टोबरमोरीला एका दिवसात पोचता येईल का?

येईल. अंतर सुमारे 25 सागरी मैल, म्हणजे पाच नॉटनं (तासाला पाच सागरी मैल) पाच तास. पण निघायची वेळ भरती-ओहोटीचा प्रवाह ठरवतो. वाटेतल्या लिझमोर दीपगृहाजवळ उधाणाला तीन नॉटच्या आसपास ओढ असते. ती पाठीशी असेल तर पाचाचे आठ होतात, समोरून असेल तर दोनच उरतात. त्यात वारा प्रवाहाच्या उलट असला की तिथं आखूड, उभ्या लाटा उठतात आणि छोटी बोट नुसती आपटत राहते. म्हणून प्रवाहाच्या नकाशातून वायव्येकडे जाणारा प्रवाह कधी सुरू होतो ते काढा. पाणी चढायचं थांबलं म्हणजे प्रवाह फिरला, असं नसतं. गणित दुपारी बारा सांगत असेल तर बाराला निघा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो.

ओबान बंदराच्या उत्तरेकडच्या तोंडातून मोठ्या फेरी ये-जा करतात. व्हीएचएफ रेडिओचं 12 नंबरचं चॅनेल ऐकत राहा आणि कडेनं जा. पुढे लिझमोरचं 1833 सालचं पांढरं दीपगृह उजव्या हाताला, लेडीज रॉक हा खडक डाव्या हाताला ठेवायचा. (ड्युअर्टच्या किल्ल्याचा सरदार मॅक्लीन यानं नकोशी बायको भरतीत बुडावी म्हणून याच खडकावर सोडली, अशी दंतकथा आहे.) फेरीही याच फटीतून जातात, तेव्हा मागेही नजर हवी. ड्युअर्टचा किल्ला इथूनच सगळ्यात छान दिसतो, पण फोटो कुणा दुसऱ्याला काढू द्या.

साउंड ऑफ मल या सामुद्रधुनीत प्रवाह मंदावतो आणि वाऱ्याची पाळी येते. दोन्हीकडच्या डोंगरांमुळे तो बहुधा समोरून नाहीतर पाठीमागून येतो आणि मलच्या दऱ्यांतून अचानक झोत सुटतात. पाण्यावर काळी सुरकुती धावत येताना दिसली की शीट (शीड ताणून धरणारा दोर) सैल सोडा. मोठ्या शिडाला पहिला रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) मात्र ओबानमध्येच घेऊन ठेवा. वाटेत सोडणं सोपं, घेणं कठीण. हवामानाचा अंदाज ‘मल ऑफ किंटायर ते आर्डनामर्कन पॉइंट’ या पट्ट्याचा वाचा. सागरी नकाशे ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीचे, क्रमांक 2387 आणि 2390.

इंजिनावर असाल तर खेकड्या-कोळंबीच्या पिंजऱ्यांचे तरंगते बोये टाळा. बोया दिसतो, दोर दिसत नाही, आणि तो पंख्यात अडकला की बोट जागीच खिळते.

टोबरमोरीत काल्व्ह बेटाच्या उत्तरेकडून शिरा. दक्षिणेची फट ओहोटीला कोरडी पडते. पाहुण्या बोटींसाठी ठेवलेल्या बोयांना स्वतःचा दोर दुहेरी ओवून बांधा. शनिवारी उशिरा पोचलात तर बोया मिळेलच असं नाही, तेव्हा नांगर आणि साखळी निघण्यापूर्वीच तपासा.